साठ हजारांत फोटोचा धंदा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

तालुक्याच्या गावी फोटो, व्हिडिओ आणि डिझाइनचं काम थोड्या भांडवलात कसं उभं करावं, यावर प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून निवडक उत्तरं इथे देत आहोत.

भाऊ, माह्यापाशी कापसाचे साठ हजार रुपये हायेत. सारे म्हणतात का मोठा कॅमेरा घे, नाई तं लोकं तुले फोटोग्राफर मानतच नाईत. दुकानदार हप्त्यावर द्याले तयार हाय. घेऊ का?
(घाटंजी, जि. यवतमाळ)

हप्त्यावर मुळीच घेऊ नका. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि पहिल्या पावसासोबत आटोपते. हप्ता मात्र आषाढातही येतो आणि पितृपक्षातही. दुसरं असं की सगळा पैसा कॅमेऱ्यात घातला तर फ्लॅश, दुसरी बॅटरी, हार्डडिस्क यांना काही उरत नाही, आणि मांडवात काम अडतं ते यांच्याच पायी.

साठ हजारांची वाटणी आम्ही अशी करू. २४ मेगापिक्सेलचा साधा, जुना डीएसएलआर १८-५५ लेन्ससकट २४,००० पर्यंत. ५० मिमी एफ १.८ ही लेन्स, तीही जुनी, ६,०००. फ्लॅश आणि तो दुरून उडवणारा ट्रिगर ६,५००. दुसरी बॅटरी आणि ६४ जीबीची दोन कार्डं ४,५००. दोन टीबीची हार्डडिस्क ६,०००. ट्रायपॉड आणि एक लाइट स्टँड ३,०००. हे झाले ५०,०००. राहिलेल्या दहा हजारांना दुरुस्ती, प्रवास आणि लॅबच्या पहिल्या बिलाशिवाय हात लावू नका. भाव जागेनुसार हलतात, एका खात्यातले दोन हजार दुसऱ्यात जातील. पण कॅमेरा-लेन्सचं खातं निम्म्याच्या वर गेलं की बाकीची कामं लंगडी पडतात.

५० मिमी लेन्स स्वस्त आहे, पण तिचा स्वभाव समजून घ्या. साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे ती ७५-८० मिमीसारखी वागते. चेहरे सुंदर येतात. बारा फुटी खोलीत हळद चालू असेल तर मात्र तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि नवरदेव अर्धाच येईल. तिथे १८-५५ लावा आणि फ्लॅश वापरा. निकॉन घेत असाल तर आणखी एक गोष्ट. त्यांच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी 'एएफ-डी' लेन्स चढते, पण आपोआप फोकस करत नाही. 'एएफ-एस' लिहिलेलीच मागा. स्वस्तात मिळाली म्हणून 'डी' लेन्स घरी आणणारे नंतर ती विकायला फिरतात.

जुना कॅमेरा भर दुपारी, उजेडात तपासा. मोकळ्या आभाळाचा एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, एक फोटो काढून मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भावातून वळती करून घ्या. झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा. त्यात पांढरे-लाल टिपके फार असतील तर सोडा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, ती लेन्स फुकट मिळाली तरी नको. फ्लॅश बसवून दहा वेळा उडवा. कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकल्यात का ते बघा. शटर किती वेळा पडलं हा आकडा निकॉनच्या फोटोतच लपलेला असतो. कॅननच्या फोटोत तो नसतो, त्यासाठी कॅमेरा केबलने संगणकाला जोडावा लागतो. विकणारा 'फक्त पाच हजार' म्हणाला तर त्याच्याच समोर बघून घ्या. बिलावरचा आणि बॉडीखालचा नंबर जुळलाच पाहिजे.

फ्लॅशबद्दल एकच सूचना, पण ती नवशिक्यांना कोणी देत नाही. फ्लॅश वर छताकडे मारून उजेड परतवायची युक्ती सगळे शिकतात. आपल्याकडे छत म्हणजे मांडवाचं लाल-गुलाबी-पिवळं कापड. परतून येणारा उजेड त्याच रंगाचा होतो आणि नवरीचा चेहरा गुलाबी पडतो. संगणकावर तो नीट करू गेलं की शालू बिघडतो. मांडवात फ्लॅश स्टँडवर घ्या, पुढे पांढरी छत्री किंवा लहान सॉफ्टबॉक्स लावा आणि शटर १/२०० च्या वर नेऊ नका, नाहीतर चौकटीच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात. पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट काढतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे उजेडाची मात्रा, +०.७ ठेवा.

बसस्टँडजवळ ८ बाय १० फुटांचा गाळा मिळतो आहे. लग्नं नसताना पासपोर्ट फोटोंवर दुकान निघेल का? प्रिंटर कोणता घ्यावा?
(मेहकर, जि. बुलढाणा)

निघेल, आणि खरं तर दुकानाचं भाडं यातूनच काढायचं असतं. लग्नाचा पैसा ढगासारखा येतो-जातो. शाळा-कॉलेजचे प्रवेश, पोलीस भरती, वेगवेगळे दाखले, पीक विमा यांची गिऱ्हाइकं वर्षभर चालू असतात.

१० फुटांची लांबी पुरते. एका टोकाला पांढरा पडदा, त्याच्या साडेतीन फूट पुढे स्टूल, स्टुलापासून साडेपाच फुटांवर कॅमेरा. स्टूल पडद्याला चिकटवलं की कानामागे सावली पडते. दुकानादुकानांत हीच चूक दिसते. या अंतरावरून ५० मिमी लेन्सने उभ्या चौकटीत डोकं आणि खांदे नेमके बसतात. १८ मिमीवर जवळून काढलं तर नाक मोठं आणि कान गायब.

एकसारखे दोन एलईडी दिवे, प्रत्येकी २० वॅटच्या आसपास, डोळ्यांच्या थोडे वर, डावी-उजवीकडून तिरपे. त्यांच्यापुढे मलमलचं पांढरं कापड, दिव्याला टेकणार नाही असं. खोक्यावर 'सीआरआय ९०' (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) किंवा जास्त लिहिलेले दिवे घ्या, नाहीतर सावळी कातडी मातकट येते. दुकानातली ट्यूबलाइट फोटो काढताना बंद ठेवा, दोन प्रकारचे उजेड एकत्र आले की रंग कधीच जमत नाही. चष्म्यात दिवे दिसले तर दिवे वर करा आणि गिऱ्हाइकाला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

३५ बाय ४५ मिमीचा फोटो ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. ४ बाय ६ इंची कागदावर आडवे चार आणि दोन ओळी, असे आठ बसतात. ऑनलाइन अर्जाला केबीची मर्यादा प्रत्येक जाहिरातीत वेगळी असते, ती वाचूनच फाइल करा. मूळ मोठा फोटो जपून ठेवा, लहान प्रत त्यातून काढा. छापील फोटोचा मोबाइलने फोटो काढून अर्जाला जोडायचा प्रकार अर्ज बाद करवतो, आणि बोल दुकानदाराला लागतो.

प्रिंटर सहा रंगांचा इंकटँक घ्या. चार रंगांवर चेहऱ्याच्या फिकट छटांत दाणे दिसतात. पण विदर्भातल्या उन्हाळ्यात या प्रिंटरचे दोन शत्रू आहेत. एक कोरडी हवा. चार दिवस छपाई झाली नाही की शाई नळीच्या तोंडाशी वाळते आणि प्रिंटवर रेषा येतात. दर दोन दिवसांनी सगळे रंग असलेलं एक लहान पान छापा. रेषा आल्या म्हणून हेड क्लीनिंग (शाई फवारणारं हेड साफ करायची प्रिंटरची सोय) पाच-पाच वेळा करू नका. त्यात शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारं आतलं पॅड भरून प्रिंटर बंद पडतो. एक-दोनदा करा, मग रात्रभर राहू द्या.

दुसरा शत्रू कुलर. त्याची ओली हवा थेट लागली की फोटो पेपर वळतो आणि चकचकीत प्रिंट एकमेकांना चिकटतात. पेपरचं पाकीट झिपच्या पिशवीत, कपाटात ठेवा आणि कुलरचं तोंड गिऱ्हाइकाकडे असू द्या. प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करा. भिंतीवरचा खटका पाडला की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जात नाही आणि उघडं वाळतं. लाइट गेल्यावरही नेमकं हेच होतं. म्हणून प्रिंटर आणि संगणकाला लहान यूपीएस पहिल्याच महिन्यात बसवा.

झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टर आणि फ्लेक्स करतो. घरच्या संगणकावर अक्षरं बरोबर दिसतात, छापखान्यात फाइल उघडली की काना-मात्रा उडतात. नाटक मंडळ पैसे कापतं. उपाय?
(देसाईगंज-वडसा, जि. गडचिरोली)

दिवाळीनंतर तुमच्या वडशात एका रात्रीत दहा-दहा पोस्टरची घाई असते, त्यामुळे हा घोळ कायमचा मिटवलेला बरा.

जुने मराठी फॉन्ट, श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जातीचे, आतून वेगळ्याच सांकेतिक अक्षरांवर चालतात. छापखान्यात तोच फॉन्ट नसेल तर सगळं अगम्य दिसतं. युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर तसा बिघडत नाही, पण जोडाक्षर जुळवायचं काम सॉफ्टवेअरचं असतं आणि जुनी आवृत्ती ते करत नाही. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, मग नवी फाइल उघडा.

फॉन्ट कोणताही असो, छापखान्यात जाणाऱ्या फाइलमध्ये अक्षरं अक्षरं म्हणून राहता कामा नयेत. कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. अक्षरांची चित्रं झाली की ती कुठेही बदलत नाहीत. त्याआधी मजकूर बदलता येईल अशी प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवा. तारीख बदलली म्हणून नाटक मंडळ रात्री अकराला फोन करतं, तेव्हा तीच कामी येते.

मुक्ता, बालू, यात्रा वन, टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट व्यवसायासाठीही मोफत आहेत. नाटकाच्या नावाला बालू किंवा यात्रा वन भरदार दिसतो. कलाकारांच्या नावांना मुक्ता बरा, लांबून वाचला जातो. निवडण्याआधी प्रत्येक फॉन्टमध्ये 'शेतकऱ्यांचा' आणि 'दुसऱ्या' लिहून बघा. ऱ्य नीट जमला नाही आणि त्याचा रफार झाला की 'शेतकर्यांचा' छापलं जातं. वाचणारा हसतो, आणि फ्लेक्स दहा दिवस चौकात टांगलेला असतो.

मापाचंही बघा. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स पूर्ण मापात ७२ डीपीआयला ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतो आणि लांबून पाहायला तेवढं पुरतं. काही जण हट्टाने ३०० डीपीआय घेतात. मग एक बाजू ३६,००० पिक्सेलची होते आणि फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलची मर्यादा ३०,००० आहे. संगणक आधी रडतो, मग बंद पडतो. चारही बाजूंनी तीन इंच मोकळे ठेवा, रिंगा आणि दांडी तिथे बसते. प्रमुख नटाचं कपाळ त्या पट्ट्यात गेलं तर भांडण ठरलेलं. वाचण्याचा ढोबळ हिशेब असा: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर. शंभर फुटांवरून नाटकाचं नाव वाचलं जावं असं वाटत असेल तर ते दहा इंचांचं हवं.

कलाकारांचे फोटो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो दबून येतो. फ्लेक्सवर एक फूट उंचीच्या चेहऱ्याला साडेआठशे पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपच्या पूर्ण उभ्या फोटोत चेहऱ्याच्या वाट्याला त्याचा पाव हिस्साही येत नाही. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी छापल्यावर मरतो, म्हणून सुरुवातीपासून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, ठेवा.

छापायच्या आधी मंडळाच्या एका माणसाकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्या, वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवा आणि 'छापा' असा लेखी निरोप फोनवर घ्या. त्यानंतरची चूक त्यांची. आधीची तुमची, ती मुकाट्याने भरून द्यायची.

निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक काळजी. लोकसभा-विधानसभेच्या प्रचाराच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे बंधनकारक आहे. प्रकाशकाकडून, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या असलेलं घोषणापत्रही मुद्रकाने घ्यायचं असतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उमेदवार 'काही होत नाही' म्हणतो. होतं ते छापणाऱ्याचं.

मंगलाष्टकं चालू असताना व्हिडिओ आपोआप बंद पडला. शिवाय सगळ्या व्हिडिओत दिवे लुकलुकतात. कॅमेरा खराब आहे का?
(लाखनी, जि. भंडारा)

कॅमेरा बहुधा ठीक आहे. बरेचसे डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतातच. अंतरपाट धरण्याच्या आधी एकदा थांबवून लगेच पुन्हा सुरू करा, म्हणजे मोजणी शून्यावर येते. दुसरं कारण उष्णता. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ गाठतो. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यावर पांढऱ्या कापडाची सावली करा. ओलं फडकं टाकू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवू नका. तिसरं कारण संथ किंवा नकली कार्ड. नवं कार्ड आणलं की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. ६४ लिहिलेलं आणि खरं ८ जीबीचं कार्ड बाजारात सर्रास मिळतं.

लुकलुकण्याचं कारण वीज. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, ट्यूब आणि साधे दिवे शांत होतात. कॅमेऱ्याच्या मेन्यूत व्हिडिओची पद्धत 'एनटीएससी' असेल तर ३० फ्रेम येतात, ती 'पाल' करा. डीजेच्या रंगीत एलईडीचं लुकलुकणं मात्र पूर्ण जात नाही.

कार्डाचा हिशेब: सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाला साडेबावीस जीबी जातात. ६४ च्या कार्डावर पावणेतीन तास. वरातीपासून पाठवणीपर्यंत एकच कार्ड पुरेल हा भ्रम आहे.

लग्नाचं काम १८,००० ला घेतो. वर्षाअखेर हातात काहीच राहत नाही, वर अल्बम घरी पडून राहतात आणि उधारी थकते. चूक कुठे?
(आर्वी, जि. वर्धा)

एक लग्न कागदावर मांडून बघा. १८,००० मधून जोडीदार कॅमेरावाला ३,०००, पेट्रोल आणि जाणं-येणं १,२००, अल्बमचं लॅबचं बिल ४,५००, पेनड्राइव्ह वगैरे ५००. उरले ८,८००. कॅमेरा-फ्लॅश-डिस्कचे ५०,००० तीन वर्षांत, वर्षाला २५ लग्नांवर वाटले तर प्रत्येक लग्नावर ६६७ झीज. राहिले ८,१३३. दिवस किती? दोन शूटिंगचे आणि निवड, रंगदुरुस्ती, अल्बम, व्हिडिओ यांचे पाच, म्हणजे सात. दिवसाला ११६० रुपये. तेही सगळे पैसे आले तर, आणि तुमचे येत नाहीत.

तेव्हा आधी वसुली सुधारा. तारीख पक्की करताना ४० टक्के, हळदीच्या दिवशी सकाळी ४० टक्के, अल्बम हातात देताना २० टक्के. ८० टक्के जमा झाल्याशिवाय अल्बम लॅबला पाठवायचा नाही. तुमचे अल्बम पडून राहतात कारण लॅबचं बिल तुम्ही खिशातून भरलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला फोटो पेनड्राइव्हवर आधीच मिळालेले असतात. मग त्याला घाई कशाची? पेनड्राइव्हही अल्बमसोबतच द्या. फोनवर दाखवायला तीस-चाळीस फोटो लगेच पाठवा, तेवढ्याने पाहुणे खूश होतात.

शेतकरी घर असेल तर 'सोयाबीन निघाल्यावर' किंवा 'कापूस विकल्यावर' असं तोंडी न ठेवता तारीख लिहा. एका पानावर सगळं येतं: कोणते कार्यक्रम, किती वाजेपर्यंत, किती कॅमेरे, अल्बमची किती पानं, वाढीव पानाचा दर, फोटो निवडून द्यायची मुदत. पंधरा दिवसांत निवडून दिले नाहीत तर आम्ही निवडू, हे वाक्य जरूर घाला. नवरीच्या मावशीचं मत येईपर्यंत अल्बम चार-चार महिने अडतो.

त्याच पानावर आणखी एक ओळ घ्या: 'फोटो दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरायला परवानगी आहे / नाही.' कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. दुकानाच्या पाटीवर विचारल्याशिवाय नवरीचा फोटो लावणं म्हणूनच महागात पडू शकतं.

अल्बमचं पान १२ बाय ३६ इंची असेल तर ३०० डीपीआयला ते १०,८०० बाय ३६०० पिक्सेल. मधोमध घडी येते, तिथे चेहरा नको. कडेपासून अर्धा इंच सोडा. नव्या लॅबकडे पहिल्यांदा एकच पान छापून बघा.

आमचा बचत गट हळद पॅक करतो. गावातलाच मुलगा लेबल आणि फोटो करून देतो म्हणतो. त्याला काय काय सांगावं? फोटोत हळद नारिंगी दिसते.
(समुद्रपूर, जि. वर्धा)

ताई, आधी लेबल. त्यावर मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, एका ग्रॅमचा किंवा किलोचा दर, पॅकिंगचा महिना-वर्ष, बॅच नंबर, वापरायची शेवटची तारीख, गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारी मालाची हिरव्या चौकोनातली हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर हवा. नंबर लायसन्सच्या कागदावरून बघूनच टाका, तोंडी सांगितला की एक आकडा हमखास इकडचा तिकडे होतो. तारीख, बॅच आणि किंमत यांची जागा रिकामी ठेवा आणि शिक्क्याने भरा. तसं केलं नाही तर भाव बदलताच हजार लेबलं रद्दीत. हळद वायगावची असली तरी 'वायगाव हळद' हे नाव जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नोंदणीचं आहे. त्या नावाने विकायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

आता फोटो. हळद नारिंगी दिसते कारण कॅमेऱ्याला तिचा गडद पिवळा रंग नीट झेपत नाही. मुलाला सांगा की एक्स्पोजर थोडं कमी कर, रंगाची तीव्रता खाली घे आणि आधी त्याच उजेडात पांढऱ्या कागदावरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगाची जुळणी) घे. उन्हाची तिरीप नसलेल्या उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल, खाली आणि मागे वळवून लावलेला पांढरा ड्रॉइंग पेपर, खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट. खर्च शंभर-दीडशे रुपये. काळ्या दगडावर किंवा स्टीलच्या वाटीत हळद उठून दिसते, पिवळ्या कापडावर ती हरवते. ऑनलाइन विक्रीसाठी पाकिटाचा एक फोटो स्वच्छ पांढऱ्यावर हवा, लांब बाजू हजार पिक्सेलच्या वर.

ड्रोन घ्यावा का?
(हिंगणघाट, जि. वर्धा)

पहिल्या वर्षी नको. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण त्यावरचा, दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी उडवायला लागतं. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे बिलाशिवाय मिळणाऱ्या मालात तुम्ही अडकाल. सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण नकाशा त्याच दिवशी बघा. व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवू नका. लग्नात मागणी आली तर प्रमाणपत्र असलेल्या माणसाला रोजाने बोलवा आणि त्याचा खर्च बिलात वेगळा दाखवा.

कर्ज आणि नोंदणीचं काय? जीएसटी लागतो का?
(दर्यापूर, जि. अमरावती)

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन, मोफत होते. तिचे पैसे मागणारा फसवतो आहे. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं, बँक दुकानाचा पुरावा आणि यंत्रांचं कोटेशन मागते. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ग्रामीण भागासाठी सर्वसाधारण गटाला २५ आणि महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती यांना ३५ टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच अडकून राहतं. चालू स्थिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्या दिवसापर्यंत एक वही पुरे, पण ती रोज लिहा.

साक्षगंधाचे फोटो असलेलं कार्ड चुकून फॉरमॅट झालं!
(सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

कार्ड आत्ताच कॅमेऱ्यातून काढा आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटने यादी पुसते, फोटो बहुधा जागेवर असतात. नवा फोटो त्यांच्यावर बसला की गेले. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवा आणि सापडलेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता हार्डडिस्कवर घ्या. नावं आणि क्रम जातील, त्यामुळे वेळ बघून लावा. पुढे भरलेली कार्डं उलटी करून वेगळ्या डबीत ठेवा आणि दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कोणतंही कार्ड पुसू नका.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते. ओल रोखणारं खास कपाट घ्यायची ऐपत नाही.
(धारणी, जि. अमरावती)

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, धान्याचा चालतो. तळाशी पातळ कापडाच्या पुरचुंडीत पाव किलो सिलिका जेल, आत लहानसा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा. ६० च्या वर गेला की बुरशी धरते, ३० च्या खाली गेला तर रबर कडक होतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून कोरडं करा आणि पूर्ण थंड झाल्यावरच परत ठेवा. त्या कढईत पुन्हा स्वयंपाक करू नका. लेन्स चामड्याच्या पिशवीसकट डब्यात घालू नका, ओल चामड्यातच असते. पावसात भिजून आलेला कॅमेरा आधी पंख्याखाली दोन तास, बॅटरी काढून, मग डब्यात.